गुरचरणावरचा ऑक्टोबर

सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी याच सुमारास तो मेसेज येतो. मागच्या रिकाम्या प्लॉटवर गवत फार वाढलं आहे, साप निघतील, मुलं तिथे बॉल आणायला जातात, कमिटीने कृपया लक्ष घालावं. खाली अंगठ्यांची रांग लागते. मग एके दिवशी पाठीला यंत्र अडकवलेला माणूस येतो, घरघर सुरू होते आणि दुपारपर्यंत पाचव्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात कापलेल्या गवताचा वास भरून राहतो. शेजारच्या मॅडम म्हणतात, किती फ्रेश वाटतं ना. मी हो म्हणते आणि खिडकी लावून घेते.

ऑक्टोबरचं गवत धड हिरवं नसतं, धड पिवळंही नसतं. तुऱ्यांवर तांबूस झाक चढलेली असते, पाती वाळायला लागलेली असतात आणि बुडाशी अजून ओल असते. ज्याचं लहानपण म्हशींच्या मागे गेलं त्याला या वासाने भूक लागते. मला अजून लागते. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून, भाकरीवर मासळीचं कालवण ओतून ती तशीच हातावर घेऊन मी या गवतात पळायची. आताची भूक वेगळी. तिचा जेवणाशी काही संबंध नसतो.

आमची बिल्डिंग उभी आहे ते आमच्या गावाचं गुरचरण. नेरूळ मागे टाकून बेलापूरकडे जाताना खाडीच्या अंगाला आमचं गाव लागतं. आता लागतं म्हणणं धाडसाचं आहे, कारण दोन टॉवरांच्या मधून वाकून पाहिलं तरच दिसतं. भातशेती आजोबांच्या काळातच शहरासाठी गेली. राहिलं ते गुरचरण, म्हणजे गावाच्या गुरांना चरायला ठेवलेली मोकळी जमीन. कागदावर ती सरकारची. चरत होत्या आमच्या म्हशी. सरकार कधी चरायला आलं नाही आणि म्हशींनी कधी कागद पाहिला नाही, त्यामुळे कित्येक पिढ्या दोघांचं छान जमलं. मी नेरूळच्या एका ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलं जांभया देतात. मीही तो भाग जरा भरभर उरकते.

बाबांकडे म्हशी होत्या. पहाटे दूध काढून ते सायकलला किटल्या लावून नेरूळच्या बिल्डिंगांत रतीब घालायला जात. परत आले की म्हशी गुरचरणावर सोडायच्या, त्या संध्याकाळपर्यंत तिकडेच. घरोघरच्या म्हशी एकत्रच चरायच्या, कुणी राखणीला बसत नसे. त्याची गरजच नव्हती. कारण दिवस कलला की प्रत्येक घरचा माणूस बांधावर यायचा आणि आपल्या म्हशींना हाक मारायचा.

ही हाक हे आमच्या गावाचं घड्याळ होतं. प्रत्येक घराची वेगळी. वरच्या आळीतली जनाकाकू नुसती 'याऽऽ या' करायची, पाहुण्यांना जेवायला बोलवावं तशी. हसूकाका, म्हणजे हसुराम, बाबांचे चुलतभाऊ आणि गावात शब्द चालणारा माणूस, जिभेने टाळूवर टकटक करायचे. इतक्या मोठ्या माणसाने एवढासा आवाज काढावा याचं आम्हा पोरांना हसू यायचं. आमच्या घरची हाक आजोबांपासून चालत आलेली, दोनदा आखूड आणि एकदा लांब, शेवटी नाव. होऽ, होऽ, होऽऽऽ चांदेऽऽ. दुसऱ्या घराची हाक आली की म्हैस कान हलवते, उठत नाही. आईने एकदा बाबांचा आवाज काढून पाहिला, तर चांदीने मान वळवून तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि रवंथ पुढे चालू ठेवला.

चांदी म्हणजे आमची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून कळपाची म्होरकी. तिचं एक होतं. बाकीच्या आपापल्या हाकेला उठायच्या, पण चांदी उठून चालायला लागली की कुणाच्याही असोत, सगळ्या तिच्यामागे निघायच्या. म्हणून बाबा नेहमी सगळ्यांच्या शेवटी हाक मारत. बाकीच्यांच्या म्हशी घरी लागू देत आणि मग आपली हाक. ही साधी शिस्त होती, ती कुणी कधी बोलून दाखवली नव्हती.

मी अकरावीत होते तो ऑक्टोबर. दसऱ्याच्या आधी प्राधिकरणाची माणसं गुरचरणावर खांब रोवायला आली. मोठा प्रकल्प होणार, जमीन सरकारची आहे, कुंपण घालायचं आहे. गावाने खांब उपटून ओढ्यात टाकले. पुढच्या वेळी जेसीबी आले आणि त्यांच्यासोबत राखीव दलाच्या गाड्या, रायफलवाले पोलीस. गावाकडेही काही नव्हतं असं नाही. गवत कापायचा हंगाम, घराघरांत विळे पाजळलेले. आणि हसूकाकांकडे ठासणीची बंदूक, भातात डुकरं शिरायची त्या काळातली, परवान्याची. दसऱ्याला विळ्यांची आणि बंदुकीची पूजा झाली होती, नळीला झेंडूची माळ तशीच होती. पेपरात फोटो आला तो त्या माळेसकट, आणि वर मथळा, सशस्त्र जमाव. माळ बघून आई म्हणाली, निदान हळद-कुंकू तरी नीट दिसायला हवं होतं.

युक्ती हसूकाकांची. ते म्हणाले, माणूस उठवता येतो, म्हैस उठवता येत नाही. मग गावाने म्हशी नेऊन जेसीबींच्या समोर, गुरचरणाच्या तोंडाशी, आडव्या रांगेत बसवल्या. पोटभर चरलेली म्हैस एकदा रवंथाला बसली की बसली. साहेबांनी भोंगे वाजवले, शिट्ट्या मारल्या, दोन शिपायांनी काठीने ढोसून पाहिलं. म्हशींनी शेपट्या हलवल्या. जेसीबीवाले जनावराच्या अंगावर घालायला तयार नव्हते, आणि म्हशीला अटक कोणत्या कलमाखाली करायची हे कुणाला ठाऊक नव्हतं. रांगेच्या एका बाजूला रायफली, दुसऱ्या बाजूला बांधावर विळे आणि बंदूक, आणि मध्ये रवंथ.

असं दिवसचे दिवस चाललं, म्हशींचं चारापाणीही रांगेतच व्हायचं. बाबा पहाटे त्या रांगेतच दूध काढायचे. दुधाच्या वेळेला पारडी दोरीने तिथे न्यायची, म्हशींना पान्हा फुटायचा, पोलीस बघत बसायचे. त्यातला एक साताऱ्याकडचा हवालदार होता. तो चांदीचं कपाळ खाजवायचा आणि म्हणायचा, आमच्याकडं बी हाईत. हसूकाकांच्या हुकमाने पोलिसांच्या चहाला दूध गावातून जायचं. रतीबसुद्धा चुकला नाही. नेरूळच्या बाया बाबांना एवढंच विचारायच्या की दूध हल्ली उशिरा का येतं.

गावाला एकच गोष्ट सांभाळायची होती. हाक मारायची नाही. बांधावर, गुरचरणाच्या आसपास, कुणीही, कुठलीही. एका जरी घरच्या म्हशी उठल्या तरी रांगेत खिंडार पडणार, आणि चांदी उठली तर सगळंच संपणार. हसूकाकांनी घरोघर जाऊन सांगितलं. बाबांना दोनदा सांगितलं. गाव कुजबुजत बोलायला लागलं. बाबा तर घरातही आवाज चढवेनात, भाजीत मीठ कमी आहे हे हाताने खुणा करून सांगायचे आणि आई मुद्दाम समजलं नाही असं दाखवायची. हसायचो आम्ही. पण संध्याकाळ व्हायची, सूर्य खाडीपलीकडे जायचा, आणि हाकच नाही. दिवस मावळला तरी संध्याकाळ झाली असं वाटायचंच नाही.

मला त्या दिवसांत भीती वाटली का, असं माझ्या मुलीने एकदा विचारलं. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. कॉलेजात मी अचानक महत्त्वाची झाले होते. माझ्या वर्गात हसूकाकांचा मुलगा नितेश होता, आम्ही त्याला नित्या म्हणायचो. आम्ही दोघं मधल्या सुट्टीत बाकीच्यांना बंदुकीच्या गोष्टी सांगायचो, त्यातल्या निम्म्या रचलेल्या. आईने मला बजावून ठेवलं होतं की तिकडे फिरकायचं नाही, पुरुष बघून घेतील. त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर नित्या म्हणाला, चल, रांगेत बसू. मी म्हटलं, चल.

आम्ही म्हशींच्या मधे जाऊन बसलो. काही बायका आधीच बसल्या होत्या, त्यांनी जागा करून दिली. म्हशीच्या पोटाला पाठ लावून बसलं की आतलं गडगडणं पाठीत ऐकू येतं, तेवढं आठवतं. त्या दिवशी नवे साहेब आले होते. कर्ण्यावरून त्यांनी सांगितलं की जागा मोकळी करा, नाहीतर बळाचा वापर करावा लागेल. हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की नित्याने त्यांच्या सुरात ते पुन्हा म्हणून दाखवलं. मी हसले. तेवढ्यात मागून कुठूनतरी एक दगड गेला आणि एका पोलिसाच्या हेल्मेटवर टणकन लागला.

पुढचं फार कमी वेळात झालं. रायफली वर आल्या. बांधावर हसूकाकांनी बंदूक खांद्याला लावली. माझ्या समोरची नळी माझ्यावरच रोखलेली होती असं मी म्हणणार नाही, पण तिचं भोक मला गोल दिसत होतं. कुणी ओरडलं नाही. आणि त्या शांततेत बांधाच्या दुसऱ्या टोकाला बाबा आले. रिकाम्या किटल्यांची सायकल हातात होती. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला पाहिलं, ते मी पाहिलं.

होऽ, होऽ, होऽऽऽ चांदेऽऽ.

इतक्या दिवसांत कुणी न मारलेली हाक. चांदीने आधी कान फिरवले. मग मागचे पाय ताठ केले, मग पुढचे, आणि अंग झाडून ती चालायला लागली. तिच्या शेजारची उठली, तिच्या शेजारची उठली. सगळी रांग उठली. माझ्या पाठीमागची म्हैस उठली तशी मी मागे कोलमडले. म्हशी घराकडे निघाल्या त्या सरळ पोलिसांच्या दिशेने, कारण बांधाला वळसा घालून गावात जाणारी त्यांची रोजची वाट तिकडूनच होती. पोलिसांनी रायफली खाली केल्या आणि बाजूला होऊन वाट दिली. तो साताऱ्याचा हवालदार एकेकीच्या पाठीवर हात ठेवत त्यांना पुढे काढत होता. आम्हीही उठलो, कारण खुरांमध्ये कोण बसून राहणार? धूळ खाली बसली तेव्हा गुरचरण मोकळं होतं. हसूकाका बंदूक मांडीवर घेऊन बांधावर बसले होते. जेसीबी सुरू झाले.

कुणाला खरचटलंही नाही. सकाळी उठलो तर तारेचं कुंपण उभं होतं.

बाबांना कुणी काही बोललं नाही. मी वाट बघत होते. कुणीतरी दारात येऊन शिव्या देईल, दगड मारील, वाळीत टाकील. जनाकाकू आली ती मटणाचा टोप घेऊन, बाबा जेवले नसतील म्हणून. दुसऱ्या दिवशी हसूकाका आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. गावात जो तो एकच म्हणायचा, पोर होती ना त्याची तिथं. मी मोरीत उभी राहून हे ऐकायची. हे वाक्य माझ्या अंगाला चिकटलं ते आजतागायत निघालं नाही. गावाने आपली जमीन दिली आणि बदल्यात मला घेतलं, आणि मी काय होते, तर आईचं न ऐकता मजा बघायला गेलेली एक मुलगी. कुणी भांडलं असतं तर मीही भांडले असते. माफ केल्यावर माणसाला बोलायला जागाच उरत नाही.

म्हशी गोठ्यात बांधून विकतच्या पेंढ्यावर ठेवल्या. वर्षा-दोन वर्षांत त्यांचे खूर बिघडले, दूध आटलं, एकेक करून गावातल्या सगळ्याच विकल्या गेल्या. चांदीला न्यायला टेम्पो आला तेव्हा बाबा रतीबाला जातो म्हणून निघून गेले होते, आणि तेव्हा रतीब उरलाच नव्हता. गोठ्याच्या जागी आता चार मजले आहेत, भाडेकरू आहेत, बाबा खुर्ची टाकून खाली बसतात आणि मोबाईलवर क्रिकेट बघतात. आमचं काही वाईट झालं नाही. हेच तर सांगायला जड जातं. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं. फ्लॅट बघायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला हीच बिल्डिंग पसंत पडली. तो पुण्याकडचा, त्याला ही जागा म्हणजे स्टेशनजवळची चांगली हवेशीर जागा. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी नको म्हटलं नाही. वास्तुशांतीला बाबा आले, गॅलरीत बराच वेळ उभे राहिले. मी मागे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, वारा चांगला हाय, आणि चहा मागितला.

नित्याने त्यानंतर गाव हळूहळू सोडलं. वाशीच्या घाऊक बाजारात एका व्यापाऱ्याकडे लागला, तिकडेच राहिला, तिकडेच लग्न केलं. सणालाही क्वचित यायचा. मला वाटायचं, हा एक माणूस खरा. बाकीच्यांनी माफ केलं, याने नाही केलं. वाशीला कुठे तो दिसला की मी रस्ता बदलायची, आणि बदलताना बरंही वाटायचं, कारण कुणीतरी रागावलेलं असणं मला हवंच होतं. हसूकाकांच्या घरी मात्र दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन जायची. वाकून नमस्कार करायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता परत यायची.

यंदा गवत कापायचं यंत्र आलं त्याच दुपारी गेटवरून वॉचमनचा फोन आला. मॅडम, हसुराम नावाचे कोणी म्हातारे आहेत, तुमचं नाव सांगतात, सोडू का? मी म्हटलं, थांबा, मीच येते. लिफ्टची वाटही पाहिली नाही. हसूकाका गेटच्या बाहेर रजिस्टरजवळ उभे होते, हातात प्लास्टिकची पिशवी. मी वर चला म्हटलं, तर म्हणाले, गुडघे नाय चालत, इथंच बसू. आम्ही बागेतल्या बाकावर बसलो. यंत्राची घरघर चालू होती. त्यांच्या नाकाला वास लागला असणारच, पण त्यांनी हातातली पिशवीच उघडली.

पिशवीत पत्रिका होत्या. धाकट्या मुलीच्या मुलीचं लग्न, दिवाळीनंतर. एक माझी दिली. दुसरी हातातच धरून ठेवली. मग म्हणाले, ही नित्याची, तू देशील का त्याला? तुजा ऐकल तो.

मी म्हटलं, काका, तो माझं कसं ऐकेल? आमच्यामुळेच तर तो गावावर रुसलाय. आमच्या घरामुळे गुरचरण गेलं. मी हे वाक्य त्यांच्यासमोर पहिल्यांदाच म्हणत होते. इतक्या वर्षांनी ते तोंडातून इतकं सहज बाहेर पडलं की मलाच नवल वाटलं.

हसूकाकांनी मान हलवली. 'गुरचरन जानारच होता, बाय. त्या दिशी नाय तर दुसऱ्या दिशी. त्याचा कोनाला राग नाय.' मग म्हणाले, 'तुज्या बाजूला कोन बसला होता?'

मी म्हटलं, नित्या.

'मना पन दिसला होता तो. तुज्या बापसानं तुला बघायच्या आधी. साहेबानं बंदुका वर करायला सांगितल्या तवा माजी बंदूक पन वरच होती. मी खाली नाय केली.' ते पत्रिकेच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. 'तुजा बापूस तुज्याकडं बघत होता. मी साहेबाकडं बघत होतो. नित्यानं ते बघला.'

इतकी वर्षं ज्यांच्यासमोर मी खाली बघत आले, ते माझ्यासमोर खाली बघत बसले होते, आणि मी आपल्या अपराधात इतकी गुंग की त्यांच्याकडे कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. नित्याचा नंबर कॉलेजच्या जुन्या ग्रुपमध्ये होता. मी फोन काढला, शोधला, आणि काकांकडे पाहत लावायला गेले.

त्यांनी माझा हात धरला. म्हातारपणीही पकड घट्ट होती.

'आता नको,' ते म्हणाले. 'मी गेल्यावर लाव.'